अमानवीकरण : कोणाचे आणि कोणाकडून?

गेल्या काही दशकांत मराठी विद्वत्तेच्या व्यवहारात जे शब्द स्थिरावले, त्यांत ‘अमानवीकरण’ या शब्दाला मानाचे स्थान द्यावे लागेल. परिसंवादात तो असतो, प्रबंधात असतो आणि समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत तर असतोच असतो. यंत्रयुगाने माणसाचे अमानवीकरण केले, महानगराने केले, परीक्षापद्धतीने केले आणि आता संगणकाने केले, असे सांगितले जाते. तिकिटाच्या खिडकीपुढील रांगेपासून हिटलरच्या छळछावणीपर्यंत सर्वत्र हा एकच शब्द पुरविला जातो. जो शब्द इतक्या ठिकाणी चालतो, तो नेमक्या ठिकाणी कितपत चालतो, हे एकदा तपासून पाहणे गैर ठरू नये.

शब्दाची घडण पाहिली तर पहिली अडचण तेथेच दिसते. इंग्रजीतील एका शब्दाला प्रतिशब्द हवा म्हणून तो घडविला गेला. कोणी ‘निर्मानवीकरण’ म्हणतो, कोणी ‘अमानवीकरण’. ‘वि’ हा उपसर्ग लावून पाहावा, तर शब्द थेट विमानतळाकडे धाव घेतो; म्हणून तो मार्ग बहुधा कोणी धरला नसावा. ‘अमानवीकरण’ हा त्यातल्या त्यात सुटसुटीत. परंतु त्यातील ‘अ’ नेमका कशाला लागला आहे? ‘मानवीकरण’ न होणे, असा अर्थ घ्यावा, की मानवाला ‘अमानव’ करणे, असा? संस्कृत व्याकरण शिकविणारे शिक्षक येथे च्वि-प्रत्ययाची आठवण देतील. जे मुळात तसे नाही, ते तसे होणे किंवा करणे, हा त्या प्रत्ययाचा अर्थ. शुद्धीकरण म्हणजे जे अशुद्ध होते ते शुद्ध करणे. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा आदल्या दिवशी खासगी असलेल्या बँका दुसऱ्या दिवशी खरोखरच सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्याच न्यायाने ‘अमानवीकरण’ हा शब्द असे सांगतो, की जो कालपर्यंत मानव होता, तो आज मानव राहिला नाही.

हे विधान खरे आहे काय? ज्याच्यावर जुलूम होतो, त्याच्यात असा कोणता बदल घडतो की ज्यामुळे तो मानव या पदवीला मुकतो? उपासमारीने तो खंगेल, भीतीने गप्प होईल, अपमानाने कडवट होईल. पण खंगणे, गप्प होणे आणि कडवट होणे या माणसाच्याच अवस्था आहेत. तांदळाचा कोंडा काढावा तशी माणसातून माणुसकी काढून घेता येत नाही. बदल घडतो तो करणाऱ्याच्या वागण्यात आणि त्याच्या नोंदवहीत. शब्द मात्र त्या बदलाचा डाग सोसणाऱ्याच्या अंगावर ठेवून मोकळा होतो.

या बाबतीत जुनी मराठी अधिक सावध होती, असे म्हणण्यास जागा आहे. ‘अमानुष’ हा शब्द घ्या. अमानुष मारहाण, अमानुष छळ, अमानुष वागणूक अशा प्रयोगांत तो करणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. मार खाणाऱ्याला मराठीने कधी अमानुष म्हटलेले नाही. ‘माणूसघाणा’ हाही शब्द घाण करणाऱ्याला लागतो, ज्याची घाण वाटते त्याला नव्हे. ‘दलित’ हा शब्द तर याहून बोलका. तो भूतकालवाचक धातुसाधित आहे. दळले गेले म्हटले की दळणारा आलाच. त्याचे नाव उच्चारले नाही तरी त्याची जागा वाक्यात रिकामी राहते आणि ती वाचकाला बोचत राहते. ‘अमानवीकरण’ या भाववाचक नामात ती जागाच नाही. कर्ता नाही, कर्म नाही, स्थळ नाही, तारीख नाही. पाऊस पडावा तसे अमानवीकरण ‘होते’.

अर्थात, ‘अमानुष’ या जुन्या शब्दावरही विसंबून राहण्यात अर्थ नाही. त्याचा दोष निराळा आहे. करणाऱ्याला राक्षस ठरविले, की ज्याला शिंगे नाहीत असा प्रत्येक जण आपोआप निर्दोष सुटतो. सकाळी देवपूजा करून, मुलाला शाळेत पोचवून, वेळेवर कचेरीत येणारा गृहस्थ अमानुष कसा असेल? आणि जगातील बहुतेक अमानुष कामे तर अशाच गृहस्थांच्या हातून पार पडलेली आहेत.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तरी या शब्दाच्या संदर्भात ते पुन्हा वाचण्याजोगे आहे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे म्हटले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागोमाग परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, माणसे झोडपली गेली. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही पाण्यात ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले.

त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. अन्य धर्मीयांनाही मज्जाव नव्हता. तेव्हा, अस्पृश्यांना पशू समजले जात होते, हे नेहमीचे वाक्य येथे लागू पडत नाही. पशू समजले असते तर पाणी मिळाले असते! म्हैस तळ्यात डुंबून गेली म्हणून कोणी कधी शेणाच्या घागरी ओतल्या नाहीत. शुद्धीची गरज भासली, ती पाणी पिणारा माणूस होता म्हणूनच. तो माणूस आहे हे तळ्याकाठच्या प्रत्येकाला पक्के माहीत होते. तोही बरोबरीचा माणूस ठरेल याची धास्ती होती. विटाळ हा अज्ञानातून आलेला नव्हता. त्यामागे पुरती जाण होती. ज्याला आपण माणूस म्हणून ओळखतच नाही, त्याचा अपमान करण्याची तसदी कोणी घेत नाही. दगडाला कोणी मान खाली घालावयास लावीत नाही.

हा मुद्दा किरकोळ नाही. ‘त्यांना माणूस समजले जात नव्हते’ असे म्हटले की सारा प्रकार समजुतीच्या चुकीवर जातो, आणि समजुतीची चूक म्हणजे शिक्षणाने दूर होणारी बाब ठरते. पण महाडला चूक झाली नव्हती. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला तीन वर्षांपूर्वीचा ठराव रीतसर रद्द केला. सभा भरवून, मते घेऊन, इतिवृत्तात लिहून हे झाले. त्यानंतर प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते निकालात काढले. पाणी पिण्याच्या हक्काचा वाद दहा वर्षे चालला. तो सुटला, तो माणूस म्हणून असलेल्या हक्काच्या आधारे नव्हे. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा स्मरणातीत काळापासून चालत आल्याचे वादी असलेल्या सवर्णांना सिद्ध करता आले नाही, या आधारे. ज्या कागदपत्रांतून हे सर्व गेले, त्यांत एकही अमानुष शब्द सापडणार नाही. सारी भाषा सभ्य, नियमबद्ध आणि सहीशिक्क्याची.

सहीशिक्क्याच्या या भाषेने काय साधते, याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्राच्या घरात आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार जमाती’चा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा सर्व देशभर वाढली. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव छापले, की ती जमात गुन्हेगार. कोणी, केव्हा, कोणता गुन्हा केला हा प्रश्न उरत नसे. १८७१ च्या कायद्याने तर अशा अधिसूचनेच्या वैधतेबद्दल न्यायालयाला प्रश्न विचारण्याचीही मनाई केली होती. नावे पटावर चढत, ठाण्यावर हजेरी लागे, गाव सोडावयाचे तर परवाना लागे. १९११ नंतर बोटांचे ठसे घेण्याची आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली आणि तेथील माणसांनी गिरण्यांत काम केले. ‘सेटलमेंट’ हा इंग्रजी शब्द सोलापूरकरांच्या तोंडी आजही वस्तीचे नाव म्हणून आहे.

येथे ‘जन्मतः गुन्हेगार’ हा शब्दप्रयोग कोणत्या तर्कावर उभा राहिला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकऱ्याचा विणकर. तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच, अशी ती मांडणी होती. साहेबाने हा सिद्धांत विलायतेहून आणला नव्हता. मालमसाला येथलाच होता, छपाई तेवढी त्याची. त्यामुळेच ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, तरी साहेब गेल्यावर जे उरावयाचे ते उरलेच. निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांच्या जुन्या सवयींना नवे कलम मिळाले.

पण कायद्यापेक्षाही चिवट वस्तू भाषा ही आहे. ‘भामटा’ हा शब्द पाहा. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका जातीचे नाव आहे. राजपूत भामटा हे दुसरे. त्याच महाराष्ट्रात रोज सकाळी निघणाऱ्या वृत्तपत्रांत वृद्धेचे दागिने लांबविणारा, बनावट योजनेत पैसे गुंतवावयास लावणारा, बँकेचा अधिकारी बनून फोन करणारा, असा प्रत्येक ठक ‘भामटा’ असतो. मथळ्याच्या रुंदीत तो नेमका बसतो, ही त्याची मोठी सोय. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात कोणत्याही जातीचा विचार नसतो, हे पूर्णपणे मान्य करता येईल. जातीवरून शब्द आला की शब्दावरून जातीला नाव पडले, हा वाद व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी खुशाल घालावा. परंतु शाळेच्या दाखल्यावर ज्या मुलाच्या जातीच्या रकान्यात हा शब्द लिहिलेला आहे, त्याने मराठीच्या तासाला वृत्तपत्रवाचन करताना काय करावे? हजेरीपटावर तो इतर मुलांसारखा एक मुलगा आहे. शब्दकोशात मात्र तो लबाड आहे.

लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, ते १९८७ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या नावाचा धक्का मराठी वाचकाला का बसला? कारण तोपर्यंत तो शब्द इतरांनी त्यांच्याविषयी वापरावयाचा होता. आता तो आतून, स्वतःच्या नावाने, मुखपृष्ठावर आला होता. त्या शब्दाने जर खरोखरच कोणाची माणुसकी काढून घेतली असती, तर हे पुस्तक लिहिलेच गेले नसते. १९८० मध्ये आलेल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’बद्दलही हेच म्हणता येईल. ‘अमानवीकरण झालेल्या समाजाची कैफियत’ असे या पुस्तकांचे वर्णन करण्याची रीत आहे. ती पुस्तके मन लावून वाचणाऱ्याला नेमके उलट दिसते. त्यांतील माणसे भुकेली, भांडकुदळ, प्रेमळ, धूर्त, घाबरलेली, विनोदी अशी सर्व काही आहेत. त्यांच्याकडे बघणाऱ्या फौजदाराचे, पाटलाचे आणि कधीकधी मास्तरचेच काहीतरी हरवलेले आहे.

हिटलरच्या जर्मनीचा दाखला या विषयात दिला जातो आणि तो देणे रास्तच आहे. परंतु तेथेही वरवरच्या वाचनाने भलतेच हाती लागते. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही यांना १९४४ च्या फेब्रुवारीत फोसोलीच्या छावणीतून आउशवित्झकडे रवाना करण्यात आले. निघण्यापूर्वी मोजदाद झाली आणि शिपायाने वरिष्ठाला साडेसहाशेचा आकडा सांगितला. आकड्यामागे त्याने जो जर्मन शब्द लावला, त्याचा अर्थ ‘नग’. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. गोदामातील खोके आणि गाठोडी आपण याच शब्दाने मोजतो, आणि विक्षिप्त माणसाला ‘काय नग आहे’ असे हसत म्हणतो. लेव्ही यांच्या हातावर पुढे १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला. माणसाचा क्रमांक करणे हीच अमानवीकरणाची पराकाष्ठा, असे त्यावरून अनेक जण सांगतात. वस्तुस्थिती अशी, की क्रमांक त्यांना मिळाला ज्यांच्याकडून काम करून घ्यावयाचे होते. गाडीतून उतरताच ज्या म्हाताऱ्यांना, मुलांना आणि आयांना विषारी वायूच्या कोठडीकडे वळविले गेले, त्यांच्यावर शाई खर्च करण्यात आली नाही. त्यांची त्या छावणीच्या पटावर नोंदच नाही.

त्रेब्लिंका येथील छावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल याला १९७१ मध्ये तुरुंगात गिट्टा सेरेनी या पत्रकार बाईंनी एक साधा प्रश्न विचारला होता. मारावयाचेच होते, तर मग त्यापूर्वी एवढी विटंबना, एवढे क्रौर्य कशासाठी? त्याच्या उत्तराचा आशय असा, की ज्यांना प्रत्यक्ष ते काम करावयाचे होते, त्यांची मने त्यासाठी तयार व्हावीत म्हणून. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? विटंबनेचा परिणाम सोसणाऱ्याच्या मानवत्वावर घडवावयाचा नव्हताच. तो करणाऱ्याच्या मनावर घडवावयाचा होता. समोरचा माणूस माणूसच दिसत राहिला, तर हात थबकण्याचा धोका होता. म्हणून त्याला नागवे करावयाचे, उपाशी ठेवावयाचे, घाणीत लोळवावयाचे, आणि मग त्या घाणीकडे बोट दाखवावयाचे. आपल्याकडील ‘ती माणसे मुळातच अस्वच्छ असतात’ हे वाक्य ज्यांनी पाणवठा बंद केला त्यांच्याच तोंडून निघत असे, हेही येथे आठवावे.

रवांडात १९९४ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. तेथील एक नभोवाणी केंद्र तुत्सी लोकांना ‘झुरळ’ म्हणत असे आणि कत्तलीला ‘काम’ म्हणत असे. पहिल्या शब्दाची चर्चा जगभर झाली. खरे तर दुसरा शब्द अधिक भयंकर आहे. झुरळ हा शब्द शिवी म्हणून तरी ओळखू येतो. ‘काम’ हा शब्द ओळखू येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये त्या नभोवाणीशी संबंधित दोघांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरविले. अपिलात शिक्षा कमी झाल्या, परंतु शब्द वापरणाऱ्याला शब्दांचा जाब द्यावा लागतो, हे तत्त्व कायम राहिले.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पट, रकाने, क्रमांक, याद्या यांशिवाय आजचे राज्य चालेल कसे? शाळेचा हजेरी क्रमांक, नोकरीतील कर्मचारी क्रमांक, शिधापत्रिकेवरील आकडा या सर्वांना अमानवीकरण म्हणावयाचे काय? मुळीच नाही. विमुक्त जातींना ज्या सवलती मिळतात, त्या यादीत नाव आहे म्हणूनच मिळतात. जातीचा दाखला हे त्या मुलाच्या हातातील हत्यार आहे. यादीने माणसाला दडपता येते, तसे सोडविताही येते. फरक असतो तो एवढाच, की पटावर ज्याचे नाव आहे, त्याला पटाविषयी तक्रार करता येते की नाही. परीक्षेत गुण कमी पडले तर विद्यार्थी फेरतपासणी मागू शकतो. राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा अंगठा शिधावाटपाच्या यंत्राला ओळखू आला नाही, तर मात्र तो कोणाकडे दाद मागणार? दुकानदार यंत्राकडे बोट दाखवितो. यंत्र बोलत नाही. संगणकाला दोष देणारे येथे अर्धे बरोबर असतात. १८७१ च्या कायद्यात न्यायालयाला गप्प बसविण्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले होते. आता ते काम कलमावाचून होऊ शकते.

आपल्या शहरांच्या पोटातून जाणाऱ्या गटारांविषयीच्या बातम्या या दृष्टीने वाचाव्यात. ‘गटारात उतरलेल्या कामगारांचा गुदमरून मृत्यू’ अशी त्या बातमीची ठराविक घडण असते. मराठीत ‘उतरणे’ आणि ‘उतरविणे’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि त्यांतील भेद इयत्ता पाचवीच्या मुलालाही समजतो. हौसेने गटारात कोण उतरतो? त्याला उतरविले जाते. पण प्रयोजक क्रियापद वापरले की उतरविणाऱ्याचे नाव द्यावे लागते. मग ठेकेदार, त्याला काम देणारी संस्था, बिलावर सही करणारा अधिकारी असे सर्वच वाक्यात येऊ लागतात. अकर्मक क्रियापदाने ही गर्दी टळते.

हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ चा. तो अपुरा ठरला म्हणून दुसरा २०१३ चा. १९९३ पासून गटारांत व मैल्याच्या टाक्यांत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. रक्कम वाढविण्याची वेळ आली, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नव्हते. आणि तरीही जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारच्या वतीने असे उत्तर दिले गेले, की हाताने मैला साफ करण्यामुळे कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही. हे उत्तर नियमांच्या चौकटीत बसणारे होते. हाताने मैला वाहणे हा एक रकाना. गटारे आणि टाक्या यांची धोकादायक सफाई हा दुसरा. मेलेली माणसे दुसऱ्या रकान्यात होती. पहिल्या रकान्यात शून्य लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. त्याला अमानुष म्हणता येणार नाही, आणि ‘येथे अमानवीकरण झाले’ एवढे म्हणूनही भागणार नाही. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या व्याख्येच्या आधारे दोन रकाने वेगळे केले, आणि त्यामुळे कोणाच्या विधवेला कोणत्या खिडकीवरून परत फिरावे लागले, हे विचारावे लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर जो निकाल दिला, त्याचे महत्त्व या संदर्भात आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत कैद्यांना कामे वाटून देताना जात पाहण्याची तरतूद होती. सफाईचे काम अमुक जातीच्या कैद्याकडे, स्वयंपाकाचे तमुक जातीच्या कैद्याकडे, आणि साध्या कैदेतील बंद्याला हलके काम देऊ नये, मात्र तसली कामे करण्याची सवय असलेल्या समाजातील तो असल्यास हरकत नाही, अशा अर्थाची वाक्ये स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे छापील स्वरूपात नांदत होती. विमुक्त जमातींविषयीचे जुने संशयही काही नियमावल्यांत तसेच होते. ‘सवय असलेल्या’ हा शब्दप्रयोग लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष होता, असे समजण्याचे कारण नाही. त्याला ते सोयीचे वाटले असेल. न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्यास सांगितले आणि तुरुंगातील कैद्यांच्या नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

आदेश दिल्लीत निघाला. रकाना मात्र जिल्ह्याजिल्ह्यांच्या तुरुंगांतील छापील वह्यांत आहे. त्या वह्या संपेपर्यंत वापरावयाच्या, की आजच त्यावर काट मारावयाची, हे तेथील टेबलावर बसलेल्या कारकुनाला ठरवावे लागते, आणि नवा कैदी दाखल होताना ‘जात काय?’ हा प्रश्न तोंडी विचारावयाचा की नाही, हेही.